तारीख, ठिकाण, वेळ

कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याला एक छापील फॉर्म जोडलेला आहे. कायदा २००५ चा, तो अमलात आला २६ ऑक्टोबर २००६ रोजी, आणि त्याच्या नियमांमध्ये हा फॉर्म ‘नमुना एक’ म्हणून दिलेला आहे. नाव आहे कौटुंबिक घटना अहवाल. कलमं वाचून जे डोक्यात शिरत नाही ते हा फॉर्म वाचताना शिरतं, म्हणून मी सुरुवात इथूनच करते.

हिंसेचा तपशील सुरू होतो तिथे आधी तारीख, ठिकाण आणि वेळ विचारलेली आहे. मग हिंसा कोणी केली ते. मग प्रकार. शारीरिक इजा एका ओळीत आटोपते. त्यानंतर जी यादी येते ती वाचताना प्रत्येक बाईला कुठलं तरी ओळखीचं घर आठवेल. चारित्र्यावर शिंतोडे उडवणं. हुंडा आणला नाही म्हणून, मुलगा झाला नाही म्हणून, मूलच झालं नाही म्हणून टोचून बोलणं. नोकरी करू न देणं. ठरावीक माणसाला भेटू न देणं. मग आर्थिक छळ: घरखर्चाला पैसे न देणं, औषध न आणणं, घराच्या एखाद्या भागात पाऊल टाकू न देणं, पगार काढून घेणं, न विचारता स्त्रीधन विकणं किंवा गहाण टाकणं. भाडं थकवणं. विजेचं बिल न भरणं.

विजेचं बिल! हा शब्द सरकारी फॉर्ममध्ये पहिल्यांदा वाचला तेव्हा मी थांबले. हा फॉर्म तयार करताना कुणीतरी अंधारात बसवून ठेवलेल्या बायकांचं ऐकून घेतलेलं असणार, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

आता हैदराबादला येऊ. समजा एक बाई आहे. ती माझ्या कल्पनेतली आहे, म्हणून तिला नाव देत नाही. माहेर नांदेड, सासर काचीगुड्याला. निजामाच्या राज्यापासून नांदेड-हैदराबाद सोयरीक चालत आली आहे. सुलतान बाजार, काचीगुडा, गौलीगुडा या भागांत मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. ही बाई तेलुगू समजते, दखनी बोलते, आणि दुखलं की मराठीत रडते. एका रात्री नवऱ्याने तिला ढकललं, कपाळ ओट्याच्या कडेला आपटलं. उस्मानिया दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं लागलं? नवरा शेजारीच उभा होता. ती म्हणाली, पाय घसरला. कागदावर तेच लिहिलं गेलं.

दोन महिन्यांनी ती पोलिसांकडे जाते. तिथली बाई विचारते, काय होतं घरात? ती सांगते, “फार त्रास देतात.”

आपल्या भाषेत ‘त्रास’ या शब्दात सगळं मावतं. आई हा शब्द ऐकते आणि पुढचं विचारत नाही, तिला समजलेलं असतं. कायद्याला मात्र या शब्दातून काहीच समजत नाही. कोणत्या दिवशी, कोणी, काय केलं, तेव्हा घरात कोण होतं, हे उलगडून लिहिल्याशिवाय त्याची गाडी पुढे सरकत नाही. आणि दवाखान्याचा तो कागद, ज्यावर ‘पाय घसरून पडल्या’ असं लिहिलंय, तो पुढे न्यायालयात समोरच्या वकिलाच्या हातात असतो.

ही गोष्ट एकटी-दुकटीची नाही. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तेलंगणातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी ३६.९ टक्क्यांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. देशाचा आकडा २९.३ आहे, महाराष्ट्राचा २५.२. मला जास्त अस्वस्थ करतो तो दुसरा आकडा. सासरच्यांचा अनादर, घराकडे किंवा मुलांकडे दुर्लक्ष अशा काही कारणांसाठी नवऱ्याने मारलं तर ते योग्यच, असं तेलंगणातल्या जवळजवळ ८४ टक्के बायका म्हणाल्या. देशभर हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागितली फक्त १४ टक्क्यांनी, आणि ७७ टक्के बायका कुणाजवळ बोलल्याच नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपण मुलींच्या मनावर किती खोल कोरलंय ते या एका आकड्यात दिसतं.

मारहाण झालेल्या बाईपुढे कायद्याची दोन दारं असतात. बहुतेकींना एकच माहीत असतं, आणि ते नेमकं जड दार असतं.

ते दार म्हणजे फौजदारी कायद्याचं. भारतीय दंड संहितेत १९८३ साली कलम ४९८-अ आलं. हैदराबादच्या कोर्टांच्या आवारात आजही लोक ‘फोर नाइन्टी एट’च म्हणतात, जरी १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ आणि ८६ मध्ये गेली आहे. नवऱ्याने किंवा त्याच्या नातेवाइकांनी बाईला क्रूरपणे वागवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण ‘क्रूरपणा’ची व्याख्या अरुंद आहे. एक तर वागणूक अशी हवी की ती बाई जीव देण्याच्या टोकाला जाईल किंवा तिच्या जिवाला, अवयवाला, शारीरिक वा मानसिक आरोग्याला गंभीर धोका होईल. नाहीतर छळ पैशासाठी, मालमत्तेच्या बेकायदा मागणीसाठी हवा. एखादी थप्पड, रोजच्या शिव्या, कपाटाची किल्ली काढून घेणं हे एकेकटं या व्याख्येत सहज बसत नाही. लग्नापासून सात वर्षांच्या आत बाईचा अनैसर्गिक मृत्यू झाला आणि मृत्यूच्या अलीकडे हुंड्यासाठी छळ झाल्याचं दिसलं, तर हुंडाबळीचं वेगळं कलम लागतं, आता त्याचा क्रमांक ८०. तिथे शिक्षा किमान सात वर्षं, आणि हुंडाबळी नवऱ्याने-सासरच्यांनीच घडवून आणला असं न्यायालय गृहीत धरतं. तसं नाही हे त्यांनी दाखवायचं. पण ते कलम लागू होतं तेव्हा सांगणारी उरलेली नसते.

या जड दाराला आंध्र प्रदेशने स्वतःची एक खिडकी ठेवली होती. ४९८-अ हा तडजोड न होणारा गुन्हा. एकदा नोंदला की बाईने मागे घेतो म्हटलं तरी खालच्या न्यायालयात तो मिटत नसे, उच्च न्यायालयात जाऊन रद्द करून घ्यावा लागे. आंध्र विधिमंडळाने २००३ मध्ये दुरुस्ती करून न्यायालयाच्या परवानगीने तडजोड करता येईल असं ठरवलं, पण अट घातली: तडजोडीचा अर्ज आल्यावर किमान तीन महिने जाऊ द्यायचे, आणि त्या काळात कुणी अर्ज मागे घेतला नाही तरच तो मंजूर करायचा. तेव्हा तेलंगण वेगळं नव्हतं, हैदराबादच राजधानी होती, त्यामुळे शहरातल्या असंख्य खटल्यांची वाट या दुरुस्तीने बदलली. तीन महिन्यांची ती अट मला फार शहाणपणाची वाटते. बाई माहेरी असते, रोज कुणी ना कुणी फोन करतं, मामा येतो, समाजातली चार माणसं येतात, सासू रडते. आठवड्याभरात ‘हो’ म्हणणारी बाई तीन महिन्यांनीही ‘हो’च म्हणते का, हे पाहायला कायद्याने वेळ घेतला. त्या तीन महिन्यांत तिला भाडं, जेवण, वकील कोण देणार, याचा विचार मात्र दुरुस्तीत नव्हता.

अटकेबद्दल दोन्ही बाजूंनी भरपूर गैरसमज आहेत. बाईने तक्रार केली की पूर्ण कुटुंब रात्रीच आत, अशी एके काळची भीती होती, आणि काही ठिकाणी ती खरीही होती. २ जुलै २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरधोपट अटक करायची नाही, आधी नोटीस द्यायची, अटक का आवश्यक आहे ते लिहायचं. त्यामुळे आज कलम ८५ मध्ये नवऱ्याला पहिल्यांदा येते ती बहुधा हजर राहण्याची नोटीस. त्याआधी महिला पोलिस ठाण्यात समुपदेशन होतं. बेगमपेटच्या महिला ठाण्यासारख्या जागी दोन्ही कुटुंबांना समोरासमोर बसवतात. वैवाहिक वादात गुन्हा नोंदण्याआधी प्राथमिक चौकशीला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्येच मुभा दिली होती. समुपदेशनाने काही घरं सावरतात, हे नाकारत नाही. पण कपाळाला टाके पडलेल्या बाईला ‘थोडं तुम्हीही समजून घ्या’ असं पहिल्याच भेटीत सांगणं हे समुपदेशन नव्हे, आणि तिथून परत पाठवलेली बाई पुन्हा ती पायरी चढत नाही.

१० डिसेंबर २०२४ रोजी न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि एन. कोटीश्वर सिंह यांनी तेलंगणातून आलेला असाच एक फौजदारी खटला रद्द केला. नवऱ्याच्या नात्यातल्या अनेकांची नावं होती, पण कुणी कधी काय केलं याचा ठोस तपशील नव्हता. अशा सरसकट आरोपांवर सगळ्या गोतावळ्याला कोर्टात खेचता येणार नाही, असं न्यायालयाने बजावलं. छळ झालेल्या बाईने गप्प बसावं असा याचा अर्थ नाही, हेही त्यांनी स्पष्ट केलं. या निकालावर ‘बायका खोट्या केसेस टाकतात’ असं म्हणणाऱ्यांनी बराच गाजावाजा केला. मी तो वेगळ्या नजरेने वाचते. निरपराध नणंद आणि मार खाल्लेली भावजय, दोघींनाही वाचवणारी गोष्ट एकच, ती म्हणजे तपशील. आणि तपशील लिहून घेण्याचं काम घाबरलेल्या बाईचं एकटीचं नाही; ठाण्यातल्या अंमलदाराचं, वकिलाचं, संरक्षण अधिकाऱ्याचं आहे. ‘नवरा, सासू, सासरा, दीर, नणंद यांनी त्रास दिला’ हे वाक्य अनेकदा तिचं नसतं, लिहिणाऱ्याच्या सवयीचं असतं.

दुसरं दार २००५ च्या कायद्याचं. ते दिवाणी स्वरूपाचं आहे, ही गोष्ट कित्येक सुशिक्षितांनाही ठाऊक नसते. फौजदारी कायदा विचारतो, याला शिक्षा काय द्यायची? हा कायदा बाईला विचारतो, तुला काय हवं? मारू नये, हवं. राहायला छप्पर हवं. मुलं जवळ हवीत. पैसे हवेत. एकाच अर्जात हे सगळं मागता येतं: संरक्षण आदेश, निवास आदेश, खर्च, मुलांचा तात्पुरता ताबा, नुकसानभरपाई. अर्ज दंडाधिकाऱ्यांकडे जातो. तेलंगणात त्याला ‘डीव्हीसी’ नंबर पडतो. तिच्या अर्जात नवरा ‘आरोपी’ नसतो, समोरचा पक्षकार असतो. २०१५ मध्ये तेव्हाच्या हैदराबाद उच्च न्यायालयाने हे ठळकपणे मांडलं: या कायद्याखालचे उपाय दिवाणी आहेत, म्हणून समोरच्यांना आरोपींसारखं प्रत्येक तारखेला हजर राहायला लावू नये, वॉरंट काढत बसू नये. पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात साठ दिवसांत निकाल मिळालेली बाई भाग्यवान म्हणायची. म्हणूनच कलम २३ लक्षात ठेवावं: तातडीची गरज दिसली तर दंडाधिकारी समोरच्याचं ऐकून घेण्याआधीही अंतरिम आदेश देऊ शकतात.

मग तुरुंग कधी? संरक्षण आदेश मोडला तेव्हा. कलम ३१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तो गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, आणि आदेश मोडला हे केवळ बाईच्या साक्षीवरही न्यायालय मान्य करू शकतं.

दाद कोण मागू शकते? फक्त पत्नी नाही. आई, बहीण, विधवा वहिनी, लग्नासारख्या नात्यात राहणारी बाई, मग धर्म कुठलाही असो. जुन्या शहरातल्या बाईला आणि काचीगुड्याच्या बाईला इथे एकच कायदा आहे, वैयक्तिक कायद्यांची भिंत मध्ये येत नाही. आणि कोणाविरुद्ध? मूळ कायद्यात समोरचा ‘प्रौढ पुरुष’ असावा असं होतं. मुंबईच्या एका घरातल्या वादात न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांनी ६ ऑक्टोबर २०१६ रोजीच्या निकालात ते शब्दच काढून टाकले. आता मुलगा पुढे करून त्रास देणारी सासू कायद्याबाहेर राहत नाही, तसंच वृद्ध सासूला घराबाहेर काढणाऱ्या सुनेविरुद्धही सासू येऊ शकते.

छपराबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण आपल्या बायका मारापेक्षा याच भीतीने गप्प बसतात. घर सासऱ्याच्या नावावर आहे, आता कुठे जाणार? सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये असा निकाल दिला होता की सासू-सासऱ्यांच्या मालकीच्या घरावर सुनेला हक्क सांगता येत नाही. चौदा वर्षं या एका निकालाने किती जणींना जिन्यावर उभं केलं असेल! १५ ऑक्टोबर २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो फिरवला. जोडपं ज्या घरात संसार म्हणून राहिलं ते सामाईक घर, मालकी कुणाचीही असो, आणि तिथून तिला कायद्याच्या रीतीखेरीज काढता येत नाही. हा राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नाही, आणि वृद्ध सासू-सासऱ्यांच्या शांततेचाही विचार न्यायालय करतं. तरीही दाराला बाहेरून कुलूप लावून ‘माझं घर’ म्हणण्याचे दिवस निदान कागदावर संपले.

पैशाबद्दलचा एक महत्त्वाचा निकाल तेलंगणातूनच गेला. एका घटस्फोटित मुस्लिम बाईला कुटुंब न्यायालयाने महिना वीस हजार अंतरिम पोटगी ठरवली, उच्च न्यायालयाने ती दहा हजार केली, आणि नवरा दिल्लीला गेला. १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याचं अपील फेटाळलं. न्यायमूर्ती नागरत्ना यांनी स्वतंत्र निकालपत्रात गृहिणींविषयी लिहिलं, की नवऱ्यांनी संयुक्त खातं उघडावं, एटीएमचा वापर बायकोला करू द्यावा. पोटगीच्या निकालात एटीएम कार्डाचा उल्लेख यावा याचं मला अप्रूप वाटतं. ज्या बाईला भाजीपुरते मोजून पैसे मिळतात, तिला मार खाऊनही रिक्षाने ठाण्यापर्यंत जाता येत नाही. इंग्लंडमध्ये जोडीदारावर सतत ताबा ठेवण्याचं वागणं २०१५ च्या कायद्याने स्वतंत्र गुन्हा झालं. आपल्याकडे आर्थिक छळाला नाव दहा वर्षं आधीच मिळालं होतं.

एका जागी मात्र दोन दारांमधली भिंत उघडी पडते. फॉर्ममध्ये लैंगिक हिंसेखाली पहिलीच खूण ‘जबरदस्तीचा संभोग’ यासमोर करायची आहे, आणि ती नवऱ्याविरुद्धही करता येते. न्याय संहितेचं कलम ६३ मात्र अठरा वर्षांवरच्या बायकोशी नवऱ्याने केलेल्या अशाच कृत्याला बलात्कार मानत नाही. एक कायदा जे हिंसा म्हणतो ते दुसरा गुन्हा म्हणत नाही. हैदराबादने या प्रश्नाला फार आधी हात घातला होता. १ जुलै १९८३ रोजी इथल्या उच्च न्यायालयात अभिनेत्री सरिता यांच्या खटल्यात न्यायमूर्ती पी. ए. चौधरी यांनी हिंदू विवाह कायद्याचं कलम ९ घटनाबाह्य ठरवलं. बायकोला तिच्या मनाविरुद्ध नांदायला लावणं म्हणजे तिच्या शरीरावरचा तिचा अधिकार काढून घेणं, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्याच्या शंभरेक वर्षं आधी मुंबईत रखमाबाईंनी हेच सांगितलं होतं आणि १८८७ मध्ये त्यांना ‘नांदा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा’ असं ऐकावं लागलं होतं. चौधरींचा निकाल १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केला. कलम ९ अजून आहे. माझ्या मते चौधरी बरोबर होते.

कायदा चालवणारी माणसं कुठे आहेत? संरक्षण अधिकारी हा या व्यवस्थेचा कणा, तेलंगणात महिला विकास व बालकल्याण खात्यातला. अहवाल भरणं, अर्जाला मदत करणं, आदेश पाळला जातोय का पाहणं हे त्याचं काम. कायदा लागू होऊन १८ वर्षं उलटल्यावरही, मे २०२५ मध्ये, असे अधिकारी जिल्ह्या-तालुक्यात नेमा, असं सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावं लागलं. शहरात २०१६ पासून पोलिसांचं ‘भरोसा’ केंद्र आहे. ‘सखी’ केंद्रं आहेत, १८१ हा फोन आहे. त्याच्या खूप आधीपासून ‘अस्मिता’, ‘भूमिका’, जुन्या शहरातली ‘शाहीन’ अशा संस्थांमधल्या बायका हे काम करत आल्या आहेत. आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी अशी: विधी सेवा प्राधिकरणाचा वकील बाईला फुकट मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी.

आपली नांदेडची बाई अखेर मुलाला घेऊन काचीगुड्याला गाडीत बसली. हैदराबाद सोडलं म्हणजे केसही सुटली, असं तिला वाटलं. तसं नाही. २००५ च्या कायद्याच्या कलम २७ प्रमाणे ती तात्पुरती जिथे राहते तिथेही अर्ज करता येतो, आणि छळानंतर आसरा घेतलेल्या गावी फौजदारी तक्रारही करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवलं. तेव्हा नमुना एक तिच्यासमोर नांदेडच्या टेबलावर येतो.

“कपाळाला लागलं तो दिवस कोणता?” अधिकारी बाई विचारते.

तारीख तिला आठवत नाही. कुणालाच आठवत नाही. तिला आठवतं की लाल दरवाज्याच्या बोनालू सणाचा रविवार होता, खाली रस्त्यावर ढोल वाजत होते आणि तिचा आवाज शेजारी गेला नाही. येताना मुलाच्या कपड्यांत गुंडाळून तिने स्वयंपाकघरातलं कालनिर्णय आणलंय, दुधाचा हिशेब त्यावर होता म्हणून. अधिकारी बाई ते टेबलावर पसरते, आषाढाचं पान काढते. रविवारच्या चौकोनात दुधाचा आकडा नाही. त्या दिवशी दूध घेतलंच नव्हतं. त्याखालच्या सोमवारी लहान अक्षरात लिहिलंय, उस्मानिया, टाके ४. पेनाचं टोपण काढून अधिकारी बाई पहिला रकाना भरायला घेते.